कारवानी कुत्र्याचं पिल्लू पहिल्यांदाच आणताय? पैसे द्यायच्या आधी हे वाचा

मोबाईलवर कारवानी कुत्रा पळतानाचा व्हिडिओ बघितला की कुणालाही वाटतं, आपल्या वस्तीवर पण असं एक पाहिजे. उंच पाय, बारीक कंबर, खोल छाती, लांब तोंड. दिसायलाच राजबिंडं जनावर. पण हा कुत्रा आपल्या नेहमीच्या गावठी कुत्र्यासारखा नाही. तो शेकडो वर्षं एकाच कामासाठी जोपासला गेलाय, ते म्हणजे लांबून दिसलेल्या जनावराच्या मागं सुसाट सुटणं. याच पळण्यासाठी लोक त्याला घेतात आणि बऱ्याचदा याच पळण्यापायी तो विहिरीत, तारेत किंवा रस्त्यावर गाडीखाली जातो. म्हणून पिल्लू आणायच्या आधी काय बघायचं आणि आणल्यावर पहिल्या वर्षात काय करायचं, ते इथं सविस्तर देतोय.

आधी जात ओळखा

कारवानी, कारवान, मुधोळ, पश्मी अशी नावं कानावर येतात आणि नवा माणूस गोंधळतो. कारवानी आणि मुधोळ हाउंड ही जवळपास एकाच कुत्र्याची दोन नावं आहेत. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद ‘कारवान हाउंड’ म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. मुधोळ हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गाव. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, म्हणून ते नाव पडलं. आपल्याकडं लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागात कारवानी हेच नाव चालतं. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ तर या कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं. कान-शेपटीला लांब मऊ केस असले की त्याला पश्मी म्हणतात. नावावरून पारावर वाद घालणारे घालू देत, तुम्ही समोरचं पिल्लू नीट बघा.

२००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. पुढं लष्करानंही मेरठच्या केंद्रात ही कुत्री प्रशिक्षणासाठी नेली. तेव्हापासून मागणी वाढली, आणि मागणी वाढली की भेसळ पण वाढते. शर्यतीसाठी ग्रेहाउंडचा संकर केलेली पिल्लं ‘प्युअर कारवानी’ म्हणून खपवली जातात. संकर वाईटच असतो असं नाही, पण पैसे कशाचे देताय ते कळायला पाहिजे.

शहरातले विक्रेते व्हिपेटही दाखवतात. व्हिपेट हा उत्तर इंग्लंडमधल्या खाण-कामगारांनी नावारूपाला आणलेला छोटा शिकारी कुत्रा. खांद्यापर्यंत उंची साधारण दीड फूट, वजन पंधरा किलोच्या आसपास, आणि पळायला ताशी ५५ किलोमीटरपर्यंत. स्वभावानं गरीब, घरात सोफ्यावर झोपणारा. पण त्याची कातडी फार पातळ असते आणि अंगावर चरबी नसते. बाभळीच्या काट्यात, गोठ्यात, उघड्यावर थंडीत ठेवायचं ते कुत्रं नाही. शेतातल्या घरासाठी विचार करत असाल तर कारवानीच बरा. त्याची उंची दोन ते सव्वादोन फूट आणि वजन वीस ते अठ्ठावीस किलोच्या दरम्यान भरतं. खाली जे लिहिलंय ते बहुतेक दोघांनाही लागू आहे.

राखणीसाठी घेताय का?

सरळ सांगायचं तर फक्त राखणीसाठी कारवानी घेऊ नका. तो कमी भुंकतो. घरच्या माणसांना फार जीव लावतो, परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही, पण चोराच्या अंगावर धावून जाईलच याचा भरवसा नाही. रात्रभर भुंकून वस्ती जागी ठेवायला आपलं गावठी कुत्रंच भारी, आणि तेही फुकटात मिळतं.

दुसरं म्हणजे दिवसभर साखळीला बांधून ठेवायचा विचार असेल तर हा कुत्रा आणूच नका. बांधून ठेवलेला कारवानी एक तर भित्रा होतो नाहीतर चावरा. आखूड किंवा जड साखळीला विनाकारण फार वेळ बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

आणि घरात एकदा विचारून घ्या की सांभाळणार कोण. बहुतेक घरांत पिल्लू आणतो पोरगा, आणि दोन महिन्यांनी तो पुण्याला कामाला गेला की भाकरी घालते आई. त्या माऊलीला आधी विचारलंय का?

पिल्लू निवडताना

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. नियमानंही तसं विकता येत नाही. आईचं दूध लवकर तुटलेलं पिल्लू आजारी पडतं आणि चावायचं कसं-किती ते भावंडांत शिकत नाही. विकणारा म्हणाला, ‘महिन्याचं आहे पण खातंय सगळं’, तरी थांबा. बयाणा देऊन ठेवा हवं तर, पण वय भरल्यावरच आणा.

फोटो बघून गुगल पे करू नका. स्वतः जा आणि आईला बघा. आई तुमच्यावर गुरकावली तर समजू शकतं, पिल्लं आहेत तिची. पण ती घाबरून कोपऱ्यात थरथरत असेल, खंगलेली असेल तर पिल्लं पण तशीच निघायची शक्यता जास्त. पिल्लाचे डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, शेपटीखाली जुलाबाचे डाग नाहीत, हे बघा. पोट फुगलेलं आणि बरगड्या वर असतील तर जंत आहेत. हिरड्या गुलाबी पाहिजेत, पांढऱ्या नकोत. टाळी वाजवल्यावर दचकलं तरी पुन्हा बघायला येणारं पिल्लू घ्या. सगळ्यात मागं दडून बसणारं दया येऊन घेतलं जातं, पण पहिल्यांदाच पाळणाऱ्यानं ते टाळावं.

लसीचं कार्ड मागा. त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही पाहिजे. नुसतं पेनानं लिहिलेलं ‘लस दिली’ याला अर्थ नाही. वंशावळीचे कागद आहेत असं सांगितलं तर कागद हातात घेऊनच पैसे द्या. नंतर पाठवतो म्हणणाऱ्याचा फोन नंतर लागत नाही.

पहिले दोन महिने: पार्व्हो आणि जंत

पिल्लं दगावतात ती जास्त करून पार्व्होनं. आधी सुस्त होतं, खाणं सोडतं, मग उलट्या आणि घाण वासाचे रक्ताचे जुलाब. दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. घरगुती काढ्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. वेळेत सलाईन लागली तर वाचणारी पिल्लं बरीच आहेत. ज्या घरी किंवा शेजारी गेल्या काही महिन्यांत असं पिल्लू मेलंय तिथं नवं पिल्लू लगेच आणू नका. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने राहतो, आणि साध्या साबण-पाण्यानं जात नाही. ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग असं मिश्रण करून फरशी, भांडी, दरवाजे धुवावे लागतात. मातीची जमीन तर अशी धुताही येत नाही, तिथं थांबणं हाच उपाय.

पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि साडेतीन-चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं परत द्यावी लागते. ‘एक लस झाली, आता काही होत नाही’ हा गैरसमज बऱ्याच पिल्लांना भोवतो. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, आणि पुढं डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस. हा डोस तुमच्या घरातल्या लेकरांसाठी आहे असं समजा. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाजारात, गावातल्या मोकाट कुत्र्यांत नेऊ नका, पण घरात कोंडूनही ठेवू नका. अंगणात, कडेवर घेऊन वस्तीवर, ट्रॅक्टरचा आवाज, म्हशी, पाहुणे हे सगळं याच वयात दिसलं पाहिजे.

जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढं तीन महिन्यांतून एकदा. वजन करून द्यायचं. जनावरांच्या गोठ्यातलं औषध अंदाजानं पाजू नका. म्हशीसाठीचं आयव्हरमेक्टिन किंवा गोचिडाचं औषध हातानं ‘थोडंसं’ मारून पिल्लं मारलेली माणसं प्रत्येक गावात भेटतील.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यांची लस दरवेळी असतेच असं नाही. जायच्या आधी फोन करा. नसेल तर डॉक्टर कुठून आणायची ते सांगतात, आणि लस आणताना बर्फाच्या डब्यातून आणा. खिशात गरम झालेली लस टोचून उपयोग नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल-फ्री नंबर प्रामुख्यानं गुराढोरांसाठी आहे, तरी अडचणीच्या वेळी विचारून बघायला हरकत नाही.

खायला काय

नुसत्या दूध-भाकरीवर कारवानी उभा राहतो खरा, पण हाडापेरानं भरत नाही. वाढत्या पिल्लाला प्रथिनं लागतात. भाकरी किंवा भात, त्यात शिजवलेलं चिकन किंवा अंडं, कधी डाळ, थोडा भोपळा-गाजर. अनेक पिल्लांना गायी-म्हशीच्या दुधानं जुलाब लागतात, तेव्हा दूध बंद करून दही-ताक बघा. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोन वेळा. मसाल्याचं कालवण नको. शिजवलेली कोंबडीची हाडं अजिबात नकोत. ती सुरीसारखी फुटतात आणि आतड्याला भोक पाडतात.

सोलापूर-सांगली-नाशिक पट्ट्यातल्या वाचकांनी हे खास लक्षात ठेवावं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे आहेत, त्यानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. बेदाण्याच्या शेडवर मोकळा कुत्रा ठेवू नका. कांदा-लसूण, चॉकलेट पण नको. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची गोळी देऊ नका. उंदराचं औषध आणि फवारणीचे रिकामे डबे बांधावर टाकायची सवय असेल तर कुत्रं आणायच्या आधी ती मोडा.

बरगड्यांवरून गाव बोलणारच. ‘काय रे, खायला घालतोस का नाही?’ कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे तब्येतीचं लक्षण आहे. कंबरेची हाडं आणि मणके टोचून दिसायला लागले तर मात्र काहीतरी बिनसलंय. लोकांच्या बोलण्यावर जाऊन त्याला जाडजूड करू नका, सांधे जातात.

पळून आल्या-आल्या किंवा पळवायच्या आधी पोटभर घालू नका, तासभर अंतर ठेवा. खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडतो. पोट ढोलासारखं फुगतं, कुत्रं ओकारी काढतं पण काही पडत नाही, एका जागी बसत नाही. हे दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. काही तासांचाच खेळ असतो.

पळणं: इथंच खरी काळजी

गावठी कुत्रं वासावर चालतं, मधेच थांबतं, हाक ऐकतं. कारवानी डोळ्यावर चालतो. दोन शेतं पलीकडं काही हललं की तो सुटला, आणि सुटल्यावर त्याला तुमची हाक ऐकू येत नाही असंच समजा. त्याला ना बांध दिसतो, ना तार, ना डांबरी रस्ता.

म्हणून मोकळं सोडायच्या आधी आपलं शिवार स्वतः फिरून बघा. कठडा नसलेली विहीर आहे का? शेततळ्याचा प्लास्टिक कागद गुळगुळीत असतो, आत पडलेलं जनावर बाहेर येऊ शकत नाही. तिथं एक जाड दोरीची जाळी किंवा टायर बांधून सोडला तर कुत्रंच काय, माणूसही वाचतो. काटेरी तारेचं कुंपण हा तर या जातीचा वैरी. पातळ कातडी कापडासारखी फाटते. तसं झालं तर स्वच्छ पाण्यानं धुवा, धुतलेल्या सुती कापडानं घट्ट पण रक्त न अडेल असं बांधा आणि काही तासांत टाके घालून घ्या. हळद, राख, गाडीचं ऑईल जखमेत भरू नका, त्यानं टाके घालायची जागाच राहत नाही. तारेवर जुन्या साड्या किंवा पांढरे कापडाचे तुकडे बांधले तर कुत्र्याला लांबून कुंपण दिसतं. उपाय साधा आहे, पण कामाचा.

टाके घालायला किंवा ऑपरेशनला भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना ‘हा कारवानी आहे’ हे आवर्जून सांगा. या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी, त्यामुळं काही भुलीची औषधं अंगात जास्त वेळ राहतात. डॉक्टर त्याप्रमाणं औषध निवडतात.

पिल्लू आल्या दिवसापासून एक शिट्टी ठरवा. खायला देताना तीच शिट्टी, रोज, प्रत्येक वेळी. चार-पाच महिन्यांत शिट्टी म्हणजे खाऊ हे डोक्यात बसतं. पाठलाग सुरू झाल्यावर तिचा उपयोग होईलच असं नाही, पण सुटायच्या आधीचा एक क्षण असतो, कान टवकारलेले, मान ताठ. त्या क्षणाला शिट्टी वाजली तर वळतो. आणि परत आल्यावर मारू नका, कितीही उशिरा आला तरी. परत आल्यावर मार मिळतो हे कळलं की तो यायचंच बंद करतो.

पट्टा रुंद घ्या. या कुत्र्याची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा मागं सरकून डोक्यातून निघतो. पट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर खोदून किंवा शिवून घ्या. वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत मोटरसायकलच्या मागं पळवू नका, हाडं अजून कच्ची असतात. आणि गाडीला बांधून तर कधीच नाही. उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच पळवा. तापल्या डांबरावर पंजे भाजतात.

शेजाऱ्याची शेळी आणि रानातला ससा

घरच्या कोंबड्या-शेळ्या आठ-दहा आठवड्यांच्या वयापासून रोज समोर दिसल्या तर बहुतेक कारवानी त्यांना घरचं समजतात. पण शेजाऱ्याच्या कोंबडीला ही सवलत मिळत नाही. दोन कारवानी एकत्र सुटले तर एकट्याला जे सुचत नाही ते जोडीनं करतात. शेळी मारली तर भरपाई देऊन मिटवा, भाऊबंदकीचं निमित्त करू नका. पाळीव जनावरापासून माणसाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हाही दाखल होऊ शकतो.

आता शिकारीचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं तर येतंच, पण पाठलाग करणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. ससा असो, हरीण असो. ‘कुत्र्यानं धरला, मी नाही’ असं म्हणून सुटका होत नाही, त्यात व्हिडिओ स्टेटसला ठेवला असेल तर पुरावा तुम्हीच दिलेला असतो. काळवीट असलेल्या भागात, म्हणजे सोलापूर-अहिल्यानगरच्या माळरानावर, कारवानी मोकळा सोडूच नका. त्याला पळवायचं तर कुंपणाच्या आतलं रिकामं रान बघा आणि दोरीला कापड बांधून ओढा. त्याला हलणारं काहीतरी पाहिजे, ससाच पाहिजे असं नाही.

बाकीचं

अंघोळ महिन्यातून एकदा पुरे. गोचीड मात्र रोज बघा, कानात, बोटांच्या मधे, शेपटीखाली. कुत्र्याचे गोचीड भिंतीच्या फटीत राहतात, म्हणून कुत्र्याबरोबर जागेचाही उपचार डॉक्टरांना विचारून करा. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त किंवा लघवी गडद झाली तर ते गोचीड-ताप असू शकतो. रक्त तपासून घ्या. थंडीत गोणपाटाचं किंवा जुन्या घोंगडीचं अंथरूण द्या, ओल्या फरशीवर झोपवू नका.

मादी घेतली असेल तर पहिल्या माजाला भरवू नका. गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा. पिल्लं विकून पैसे होतील या हिशोबानं मादी घेणाऱ्यांनी आठ पिल्लांच्या लसी, जंताचं औषध आणि दोन महिन्यांचं खाणं याचा खर्च आधी वहीत मांडावा. पिल्लं नकोच असतील तर डॉक्टरांशी बोलून नसबंदी करून घ्या.

कुणालाही कुत्रा चावला, घरचा असो की लस दिलेला असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही. लस घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, गावातले जाणकार नाहीत. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय उरत नाही.

पिल्लू आणायला जाताना पुठ्ठ्याचा खोका किंवा टोपली, जुनं कापड, पाण्याची बाटली आणि पिल्लू जिथं झोपायचं तिथला एक कपड्याचा तुकडा मागून घ्या. आईचा वास असला की पहिल्या दोन रात्री रडणं कमी होतं. ते आत्ता काय खातंय ते विचारून आठवडाभर तेच घाला, मग हळूहळू बदला. पहिल्या रात्री गोठ्यात एकटं टाकू नका, माणसाच्या जवळ झोपवा. आणि घरी पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ते खेळतंय-खातंय असं बघून, कार्ड घेऊन डॉक्टरांना दाखवून आणा.